कुणाच्या ओळखीनं आलात?

घरातला मिक्सर कधी बिघडणार हे मी पंचांग न उघडता सांगते. संक्रांतीला तिळाचं कूट करताना, उन्हाळ्यात वर्षाचा मसाला काढला की, आणि दिवाळीत लाडवांची पिठीसाखर दळताना. एरवी तो बिचारा गुमान फिरत असतो. कुकरचं तसं नाही. कुकर पाहुणे दारात आल्यावर रुसतो. शिट्टी होत नाही, बाजूने वाफ फुसफुसते, वरणाचं पाणी ओट्यावर येतं आणि घरातली बाई हसत हसत बाहेर सांगते, "बसा, झालंच." ही विद्या मी थेरगावात, डांगे चौकाजवळच्या एका दुकानात वीसेक वर्षं काउंटरमागे उभी राहून मिळवली. आम्ही मिक्सर विकत नव्हतो आणि कुकरही विकत नव्हतो. त्यांच्यात जे मोडतं ते विकत होतो.

मिक्सरच्या भांड्याच्या बुडाला एक काळं दातेरी चाक असतं. त्याला कपलर म्हणतात. खाली मोटर फिरते, वर पातं फिरतं, आणि या दोघांच्या मधे तो कपलर. लग्न जमवणाऱ्या मध्यस्थासारखी त्याची गत असते, दोघांचं बिनसलं की आधी तोच झिजतो. कुकरची रिंग ही दुसरी कटकट. भिंतीवर टांगलेल्या शंभर रिंगा लांबून सारख्या दिसतात, पण एका कंपनीची दुसरीच्या झाकणात बसेल तर शपथ. म्हणून आमच्याकडे एकच नियम होता, जुना तुकडा घेऊन या. लोक घेऊनही येत. एक बाई भांडं आणायची ते आत खोबऱ्याची चटणी तशीच ठेवून. वर म्हणायची, "चव तर बघा, मंदाताई." चटणी चांगली असायची. पातं काढायला मात्र मला अर्धा तास लागायचा.

पिंपरी-चिंचवडची गिऱ्हाइकं ही वेगळीच जात आहे. इथल्या निम्म्या घरांत कुणी ना कुणी कंपनीत मापं तपासणारा असतो. असे एक गृहस्थ कंपनीतून घरी जाताना यायचे, खिशातून व्हर्नियर काढायचे आणि रबराची रिंग मोजायचे. पहिली रिंग नापास, दुसरी नापास, तिसरी पास. तिन्ही एकाच पाकिटातल्या असत. मी कधी बोलले नाही. त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान यायचं त्यात मला मोडता घालायचा नव्हता.

दुकानाचे मालक थेरगावच्या जुन्या घरातले. शेती होती तिथे इमारती उभ्या राहिल्या आणि त्यांनी एका गाळ्यात हे दुकान टाकलं. सगळे त्यांना शेठ म्हणत, मीही शेठच म्हणत आले. दुकानात माणूस शिरला की शेठचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "कुनाच्या वळखीनं आलात?"

काय हवंय हे नंतर. आधी ओळख. समोरच्याने वाकडच्या कुणाचं नाव घेतलं की शेठ त्या घरची म्हैस व्याली का, धाकटीचं लग्न कुठे जमलं, हे सगळं विचारून घेत. मग रिंग निघायची, भावात थोडं कमी व्हायचं, आणि नाही बसली तर बिनबोभाट परत घेण्याची हमी मिळायची. ज्याला कुणाचीच ओळख नाही त्याचंही शेठच्या हातून सुटणं कठीण. "गाव कुठलं? तालुका? मंग आमच्या मेव्हन्याचा साडू तिथलाच की." माझी स्वतःची निवड अशीच झाली. मी औसा तालुक्यातली, नवऱ्याच्या कंपनीच्या मागोमाग इकडे आलेली. शेठनी माझं शिक्षण विचारलं नाही. लातूरच्या एका धान्याच्या आडत्याला ते कधी काळी भेटले होते, तो माझा दूरचा मामा निघाला, आणि दुसऱ्या दिवशी मी काउंटरमागे होते. तो खरंच मामा होता की नाही हे मी आजतागायत कुणाला विचारलेलं नाही.

मग लोकांच्या हातात दुकानं आली. कुणाला थेरगावपर्यंत यायची गरज उरली नाही. फोनवर बोट ठेवलं की रिंग घरी. चुकीची यायची हा भाग वेगळा. मोठमोठ्या कंपन्यांकडून मागवलेली रिंग घेऊन लोक आमच्याकडे यायचे आणि म्हणायचे, "जरा मोठी होतेय, कापून देता का?" शेठ त्यांच्याकडे असं बघायचे की मलाच पाणी पिऊन यावंसं वाटायचं. पण येणारे कमी होत गेले हे खरं. बसून बसून मी रिंगांवरची धूळ पुसायची, आणि पुसून झाली की परत पहिल्यापासून पुसायची.

शेजारी मोबाइलची कव्हरं विकणाऱ्याने गाळा मागितला. शेठनी आधी हसण्यावारी नेलं. गौरी गेल्या आणि एक दिवस ते मला म्हणाले, "मंदाबाई, दिवाळीच्या पाडव्यापत्तुर बघू. न्हाई जमलं तर देऊन टाकू त्याला. उगा रिकामं दुकान उघडून बसायचं म्हंजी लोकांना तमाशा दाखवायचा."

मला त्या दिवशी भीती वाटली, हे लपवण्यात अर्थ नाही. नवऱ्याची कंपनी गुजरातकडे गेली होती आणि ते घरी होते. माझ्या वयाच्या बाईला नवीन काउंटरमागे कोण उभं करतो? मॉलमध्ये तर दारातल्या आरशात बघूनच परत फिरावं लागलं असतं.

शेठची सून प्राजक्ता हिंजवडीत आयटी कंपनीत होती. तिने ऐकलं आणि म्हणाली, "बाबा, पाडव्यापर्यंत मला द्या. आपण ऑनलाइन जाऊ." हिंजवडीचं ट्रॅफिक म्हणजे काय ते इथल्यांना सांगायला नको. कंपनीच्या गाडीत ती रोज जाता-येता अडकून पडायची, आणि आमचं ऑनलाइन दुकान बहुतेक त्या गाडीतच बांधून झालं. जाम जास्त झाला की दुकानाचं काम पुढे सरकायचं.

दुकान दिसायला झकास होतं. पहिल्याच पानावर असं एक स्वयंपाकघर होतं की ज्यात जन्मात कधी फोडणी पडली नसावी. आणि आमची प्रत्येक रिंग, प्रत्येक शिट्टी, प्रत्येक कपलर तिथे ऐटीत बसलेला. घ्यायचं म्हटलं की मग रकाने भरायचे. मोबाइल नंबर. नाव. ईमेल. पासवर्ड, आणि तोही साधा चालत नसे, त्यात एक मोठं अक्षर हवं, एक आकडा हवा, एक खूण हवी. मी भरून बघितला तर फोनने मला सांगितलं की तुमचा पासवर्ड कमजोर आहे. तोंडावर. मग फ्लॅट नंबर, इमारतीचं नाव, रस्ता. मिक्सरची कंपनी. मिक्सरचा मॉडेल नंबर. आणि सगळ्यात शेवटी, शेठच्या हट्टाखातर, लाल चांदणी लावलेला रकाना. कुणाच्या ओळखीने आलात?

लाल चांदणी म्हणजे हे भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. प्राजक्ता मला हळूच म्हणाली, "ताई, हे असं कुठे नसतं." मी म्हटलं, "सांग मग त्यांना." ती म्हणाली, "तुम्ही सांगा." शेवटी कुणीच सांगितलं नाही. दुकान त्यांचं होतं.

उद्घाटनाला शेठनी लॅपटॉपला हळदकुंकू वाहिलं आणि नारळ फोडायला खाली बघितलं, तेव्हा प्राजक्ताने लॅपटॉप उचलून छातीशी धरला. नारळ उंबऱ्यावर फुटला.

लोक आले. खोटं कशाला सांगू, भरपूर आले. प्राजक्ताच्या पडद्यावर दिसायचं, अमक्याने रिंग बघितली, तमक्याने कपलर टोपलीत टाकला. आणि मग टोपली तिथेच ठेवून माणूस गायब. एकामागून एक. शेठना हे पटेचना. "वस्तू हातात घेतली, गल्ल्यापत्तुर आला, आनि ठिवून गेला? का?" प्राजक्ता म्हणाली, "बाबा, याला फ्रिक्शन म्हणतात. खरेदीच्या वाटेत जिथे जिथे अडतं, तिथे तिथे लोक गळतात." शेठचे थोरले भाऊ जन्मभर भोसरीत बेअरिंगच्या कारखान्यात होते. फ्रिक्शन हा शब्द त्यांच्या घरात वरणभातासारखा वापरात होता. शेठ म्हणाले, "मंग ग्रीस लावा की. त्यात काय एवढं."

"लावायचं कुठे तेच कळत नाही," प्राजक्ता म्हणाली.

मी म्हटलं, मोबाइल नंबर तर पहिल्याच रकान्यात मिळतो. विचारू या की त्यांनाच. काउंटरवरून कुणी न घेता निघालं तर आपण हाक मारतोच ना? प्राजक्ताला हे जरा गावठी वाटलं असावं, पण तिच्याकडे दुसरा उपाय नव्हता. मग मी रोज सकाळी पडद्यावरच्या टोपल्या बघायची आणि फोन लावायची. "मी थेरगावच्या दुकानातून बोलतेय. काल तुम्ही कुकरची रिंग घेता घेता राहिलात. काही अडलं का?" पहिल्या पहिल्यांदा लोकांना वाटायचं मी बँकेतून बोलतेय आणि आता ओटीपी मागणार. मी रिंगेचा आकार सांगितला की त्यांचा विश्वास बसायचा. चोराला कुठे रिंगेचा आकार माहीत असतो?

चिखलीची एक बाई म्हणाली, "मॉडेल नंबर कुठून आणू? मिक्सर माझ्या लग्नातला आहे. खालचा कागद पुसून पुसून मीच घालवला." तळवड्याचे एक काका म्हणाले, "फ्लॅट नंबर टाका म्हणतंय. आमचं घर हाय ओ, फ्लॅट न्हाई. मारुतीच्या मागं म्हनलं की शेंबडं पोर बी दावतंय." रहाटणीचा एक तरुण म्हणाला, "काकू, कुकरच्या शिट्टीला पासवर्ड कशाला? कोण चोरणार आहे शिट्टी?" त्याचं म्हणणं मला बिनतोड वाटलं. मी ते जसंच्या तसं प्राजक्ताला सांगितलं. पासवर्ड हा तिचा लाडका होता. ती दोन दिवस माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलली आणि तिसऱ्या दिवशी पासवर्ड काढून टाकला.

मग एकेक रकाना गळायला लागला. ईमेल गेला. फ्लॅट, इमारत, रस्ता जाऊन एकच ओळ आली, "घर कुठे आहे ते सांगतो तसं सांगा." मॉडेल नंबरच्या जागी आला फोटो. जुन्या तुकड्याचा फोटो काढा आणि पाठवा, बाकी आम्ही बघतो. लोकांनी जे फोटो पाठवले ते मी जपून ठेवायला हवे होते. एका फोटोत मधोमध नातवाचा वाढदिवस, केक, टोप्या घातलेली पोरं, आणि कोपऱ्यात लांब ओट्यावर मिक्सर. खाली लिहिलं होतं, "हाच." एकीने तर रिंग हाताच्या पंजाशेजारी ठेवून फोटो काढला, माप कळावं म्हणून. तिच्या बांगड्या कोणत्या मापाच्या आहेत ते मला चटकन कळलं आणि त्यावरून रिंगही कळली. ही युक्ती तिची. प्राजक्ताने ती लगेच सगळ्यांसाठी लिहून टाकली, रिंगेशेजारी बांगडी ठेवा.

पोचवण्याचं दुखणं मात्र वेगळंच निघालं. चाकणच्या बाजूचं सामान दत्ताभाऊ न्यायचे, स्वतःच्या स्कूटरवर. निम्मं सामान संध्याकाळी परत यायचं. "दार बंद, फोन उचलत नाहीत, राव," एवढंच ते सांगायचे. पैसे देऊन मागवायचं आणि फोन उचलायचा नाही, हे कसलं गिऱ्हाईक, असं म्हणून शेठ चिडायचे. घरी जेवताना मी हे नवऱ्याला सांगितलं तर ते हसायला लागले. म्हणाले, "फोन गेटवर जमा असतो. मी कंपनीत असताना तू तरी कधी मला फोनवर गाठलंस?" खरंच की. चाकणमधल्या कितीतरी कंपन्यांत कामगाराचा फोन फाटकावरच्या कपाटात राहतो आणि सुट्टी झाल्यावर हातात येतो. आणि रात्रपाळीचा माणूस दिवसा झोपलेला असतो. त्याचं दार वाजवलं तर रिंग पोचते, पण दत्ताभाऊंना शिवी खाऊन यावं लागतं.

प्राजक्ताने तारीख आणि वेळ निवडायचा तक्ता काढून टाकला आणि तिथे साधा प्रश्न ठेवला, "या आठवड्यात शिफ्ट कोणती?" फर्स्ट, सेकंड, थर्ड, जनरल. एकावर बोट ठेवा, झालं. फर्स्टवाल्याकडे दुपारनंतर जायचं, जनरलवाल्याकडे सकाळी लवकर, सेकंडवाल्याकडे जरा उशिरा, थर्डवाल्याकडे संध्याकाळी तो उठून चहा पीत असताना. दत्ताभाऊंची स्कूटर रिकामी परत यायला लागली. मोठ्या कंपन्यांकडे काय काय यंत्रं असतील कोण जाणे, पण चाकणच्या माणसाला त्याची शिफ्ट विचारावी हे त्यांच्या गावीही नव्हतं. आमच्या धंद्यात त्यांच्यावर मात करायची जागा एवढीच होती आणि ती आम्हाला सापडली होती.

तरीही टोपल्या गळत होत्या. आधीएवढ्या नाहीत, पण होत्या. नवरात्र बसलं, पाडवा दिसायला लागला, आणि कव्हरंवाला एकदा येऊन गाळ्याची लांबीरुंदी नजरेने मोजून गेला. प्राजक्ताने सगळे आकडे काढून मला दाखवले. लोक आता सरळ शेवटच्या रकान्यापर्यंत येत होते आणि तिथे थांबत होते. तो लाल चांदणीचा. ती म्हणाली, "ताई, आता तरी सांगा." मी शेठना चहा देताना सांगितलं. शेठनी बशी खाली ठेवली.

"त्यो ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "बाकी तुमी समदं काढलं, मी बोललो का? वळख इचारायची न्हाई तर दुकान कशाला मांडलं? मंग त्यो कव्हरवाला काय वाईट हाय?"

त्यांना वाटत होतं, ओळख विचारली की माणूस आपला होतो. काउंटरवर तसं होतही होतं. विचारणारे शेठ समोर असायचे, आणि ओळख नसली तर तेच धागा शोधून द्यायचे. पडद्यावरच्या रकान्याला मेव्हण्याचा साडू कुठून सुचणार? हे मला आज कळतंय. तेव्हा मी फक्त रागाने कप विसळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीप्रमाणे फोन करत होते. शेठ बाजूच्या खुर्चीत बसले होते. हात कामात असला की मी फोन स्पीकरवर ठेवते. नाणेकरवाडीचा नंबर होता, कुकरची रिंग टोपलीत टाकून ठेवलेली. एका तरुण बाईने उचलला. नाव रेखा. मी विचारलं, काही अडलं का?

ती म्हणाली, "समदं भरलं होतं ताई. शिफ्ट बी टाकली मालकांची. शेवटाला कुनाच्या वळखीनं आलात म्हनलं तिथं ऱ्हायलं."

"मग टाकायचं की कुणाचंही."

"खोटं नाव टाकावं तर तुमी त्याला इचारताल. आमी हिंगोलीकडले. हितं येऊन दोन महिने झाले. मालक कंपनीत जातेत, मी खोलीवर ऱ्हाते. हितं आमाला कोन वळखतंय?" मग तीच म्हणाली, "वळखीबिगर देत नसताल तर ऱ्हाऊ द्या. मी भात पातेल्यात लावते. गॅस जातो जरा, पन होतंय."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तिला खरोखरच वाटत होतं की ओळख नसलेल्याला कुकरची रिंग मिळत नाही, या शहराची अशीच रीत असेल. मी काही बोलणार तेवढ्यात शेठनी हात पुढे करून फोन घेतला.

"मी वळखतो," ते म्हणाले. "मी दुकानाचा मालक बोलतोय. सांगा बाय, कुकर कोन्ता हाय?"

तिने सांगितलं. शेठनी भिंतीवरून रिंग काढली, स्वतः पाकिटात घातली आणि दत्ताभाऊंच्या हातात दिली. मग ते येऊन खुर्चीत बसले. म्हणाले, "मंदाबाई, किती मान्सं अशी माघारी गेली असतील?" मी म्हटलं, कोण जाणे. आकडा प्राजक्ताकडे होता, पण मी सांगितला नाही. संध्याकाळी सून घरी आल्या आल्या त्यांनी तिला चपला काढायच्या आधीच सांगितलं, "त्यो रकाना काढ."

पुढे काय झालं ते आमच्या धंद्यातल्या कुणालाही सांगता येईल. दिवाळीच्या आधी पिठीसाखरेने आपलं काम चोख बजावलं आणि मिक्सर पटापट आडवे झाले. लोकांना आता नंबर, घराची खूण, फोटो आणि शिफ्ट एवढंच द्यायचं होतं. एकदा दिलं की पुढच्या वेळी तेही नाही, "मागच्यासारखंच" यावर बोट ठेवलं की संपलं. एका खोलीत एकाने मागवलं की शेजारच्या तीन खोल्यांतून मागणी यायची. मी, प्राजक्ता आणि शेठ तिघं जमिनीवर बसून पाकिटं भरत होतो. व्हर्नियरवाले गृहस्थही आता घरूनच मागवायला लागले. त्यांच्या हाताखालून तीनदा न जाता रिंग पास व्हायला लागली, याचं मला जरा वाईटच वाटलं.

पाडव्याला शेठनी कव्हरंवाल्याला पेढे दिले आणि गाळा मिळणार नाही म्हणून सांगितलं. मी त्या दिवशी दुकानाच्या मागे जाऊन रडले. इतक्या दिवसांची धास्ती होती, ती एकदम उतरली.

आता गंमत बघा. दुकान इतकं सुरळीत चालायला लागलं की दुकानात कुणी येईना. यायचं कारणच आम्ही ठेवलं नव्हतं. समोर काउंटर, मागे भिंतभर रिंगा, आणि मी दिवसभर मागच्या खोलीत पाकिटं बांधतेय. चटणीवाली बाईसुद्धा भांड्याचा फोटो पाठवायची. फोटोत चटणी दिसायची, पण चव कशी बघणार? वर्षभरानंतर शेठच म्हणाले, पुढची जागा उगाच अडून राहिलीय. ज्याला पेढे देऊन परत लावलं होतं त्यालाच त्यांनी ती भाड्याने दिली. धंदा मागच्या खोलीतून चालू राहिला आणि आधीपेक्षा जोरात चालला. शेठचे गुडघे तोवर बोलायला लागले होते. बसायला काउंटर नाही, विचारायला माणूस नाही, मग ते घरीच राहू लागले. प्राजक्ता नोकरी सोडून पूर्णवेळ दुकान बघायला लागली. चांगलं बघते. मी काम सोडेपर्यंत तिने माझ्यावर कधी आवाज चढवला नाही, पासवर्डच्या त्या दोन दिवसांतही नाही.

काम सोडायच्या थोडे दिवस आधीची गोष्ट. दुपारी शेठचा फोन आला.

"मंदाबाई, रिंग मिळाली."

"कसली रिंग, शेठ?"

"मागवली व्हती मी. फोनवरनं. नातवाला इचारून इचारून." ते खूश वाटत होते. "लई सोपं केलंय तुमी. कुटंबी अडलं न्हाई. बोट ठिवलं, बोट ठिवलं, झालं. सकाळी एक पोरगा येऊन फाटकात हातात देऊन गेला."

मी समोरचे कागद चाळले. थेरगाव, दत्ताच्या देवळासमोर, गजानन. शिफ्ट जनरल. आदल्या संध्याकाळी मीच ते पाकीट बांधलं होतं. थेरगावात गजानन कमी आहेत का? आणि इतकी वर्षं ज्यांना शेठशिवाय हाक मारली नाही, त्यांचं नाव वाचून माझा हात थबकलासुद्धा नव्हता. पोचवणारा नवीन होता, तो त्यांना कुठून ओळखणार?

"बसली का रिंग?" मी विचारलं.

"कुटं बसतीय? सूनबाईनं कवाच इंडक्शन आनलंय. जुना कुकर त्याच्यावर चालत न्हाई, माळ्यावर हाय." मग ते म्हणाले, "परत घ्याल ना?"

"घेणार की. तुम्ही फोनवर 'परत' यावर नुसतं बोट ठेवा. पोरगा येऊन घेऊन जाईल. आता कारणही विचारत नाही आम्ही."

बोलता बोलता मी पुढचं पाकीट भरायला घेतलं.

"कारन तरी इचारा की, मंदाबाई," शेठ म्हणाले.

मी हातातलं पाकीट खाली ठेवलं, खुर्ची ओढली आणि म्हटलं, "सांगा शेठ, काय झालं?"